नानांना रोज येणारा फोन

पिग्मी म्हणजे काय, हे मला पुण्यात आल्यापासून सारखं समजावून सांगावं लागतं. लेकीच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "काकू, तुम्ही नगरला काय करत होता?" मी म्हणते, "पिग्मी गोळा करायचे." बायका एकमेकींकडे बघतात. एकीला तर वाटलं होतं, मी कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयात कामाला होते.

तर तुम्हालाही सांगते. आमच्याकडे पतसंस्थेचा एजंट रोज दुकानादुकानात जातो. दुकानदार दिवसाच्या गल्ल्यातून जमेल ती रक्कम त्याच्या हातावर ठेवतो. एजंटाच्या हातातल्या छोट्या मशीनमधून पावती निघते. मुदत संपली की साठलेले पैसे व्याजासकट परत मिळतात, मध्येच अडचण आली तर त्यांच्यावर कर्जही मिळतं. ज्यांना बँकेत जायला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर बँकेच्या काचेच्या दारातून आत शिरायला ज्यांना अवघडल्यासारखं होतं, अशा माणसांची ही बचत. तिला पिग्मी म्हणतात. एजंटाला पगार नाही, रजा नाही. गोळा होईल त्यावर कमिशन. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी हे काम घेतलं आणि साठी येईपर्यंत करत राहिले.

माझी लाईन, म्हणजे रोजची फेरी, नागापूर एमआयडीसीच्या मागच्या अंगाला होती. मोठ्या कंपन्यांच्या भिंतीला लागून छोट्या छोट्या शेडची एक गल्ली आहे. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, पंक्चरचं दुकान, कामगारांची खानावळ, चहाची टपरी. स्कूटी तोंडाशी लावायची आणि पायी आत शिरायचं. लोखंडाच्या किसाचा आणि फोडणीचा मिळून एक वास त्या गल्लीला होता. तसा वास मला पुण्यात अजून कुठं आलेला नाही.

या धंद्यात माणूस दारातूनच कळतो. रोज देणारा अचानक कमी द्यायला लागला की समजायचं, घरात काहीतरी बिघडलंय. आणि अचानक जास्त द्यायला लागला तरीही बिघडलेलंच असतं, फक्त त्याला ते अजून कळलेलं नसतं. एजंटाला हे सगळ्यात आधी दिसतं. पण विचारायचं कसं? म्हणून आम्ही दुसरंच काहीतरी विचारतो. पोरगी पास झाली का, गुडघा कसा आहे, आज भाजी कसली.

लोकही मग आम्हाला काहीबाही विचारायला लागतात. पंक्चरवाले सलीमभाई तर मोबाईलवर काहीही आलं की माझी वाट बघत बसायचे. एकदा त्यांना फोन आला, तुमचं खातं बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. सलीमभाई त्याला म्हणाले, "थांबा भाऊ, आमच्या ताई येतील इतक्यात. त्यांना दाखवतो, मग सांगतो." समोरचा म्हणाला, वेळ नाही. सलीमभाई म्हणाले, "मग तुम्ही जेवून घ्या तोपर्यंत." त्यानं फोन आपटला. मी पोचले तर सलीमभाई मलाच म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं एक गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं बघा."

गल्लीच्या शेवटच्या शेडमध्ये दत्तूनाना. पारनेरकडचे. कंपनीत टर्नर होते, निवृत्त झाल्यावर एक जुना लेथ घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. लेथ म्हणजे लोखंड फिरवत फिरवत तासायचं मशीन. बुश, पिन, शाफ्ट, जे कुणाला कुठं मिळायचं नाही ते नाना करून द्यायचे. मुलगा विजय बेंगळुरूला. पत्नी, आम्ही त्यांना कुसुमवहिनी म्हणायचो, रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि नाना जेवेपर्यंत समोर स्टुलावर बसून राहायच्या. त्या वारल्या त्यानंतर नाना पंधरवडाभर आलेच नाहीत. आले तेव्हा स्वतःच डबा घेऊन आले आणि तो तसाच घरी घेऊन गेले.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जायला लागले, म्हणजे घाई नसायची.

"नाना, बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली. तुमी च्या घेता का?"

एवढंच बोलणं. मी उभ्या उभ्या चहा घ्यायचे, पावती द्यायचे आणि निघायचे. मला ते कामाचाच भाग वाटायचं.

मग संस्थेनं ठरवलं, पिग्मी आता मोबाईलवरून घ्यायची. दुकानदारानं बोटानं बटण दाबायचं, पैसे खात्यात. साहेब चांगले होते. आम्हा सगळ्या एजंटांना बोलावून नारळ दिला, शाल दिली. ते म्हणाले, लोकांची सोय होईल. झालीही असेल. मी गल्लीत जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला आणि मशीन जमा केलं.

नगरातल्या आमच्या सावेडीच्या घरात मी बसून राहिले. नवरा म्हणायचा, "आता आराम कर." आराम कसा करतात ते मला येत नव्हतं. सकाळची कामं आवरली की पाय आपोआप चपलेकडे जायचे. मग आठवायचं. मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे आणि मनातल्या मनात एकेक शेड मोजत गल्लीच्या शेवटापर्यंत जाऊन यायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी सलीमभाईंचा फोन आला.

"ताई, नानांकडं जरा येऊन जाता का? लेथ विकायला काढलाय. सुप्याहून टेम्पो येणार आहे आज. कुणाला काही सांगत नाहीत. मला म्हणतात, तुझं काम कर."

मी स्कूटी काढली.

नाना शेडमध्ये लेथ पुसत होते. नुसता पुसत नव्हते, एकेक कोपरा चिंधीनं कोरून काढत होते. मला बघून दचकले, मग हसले.

"ताई! लई दिसांनी."

"लेथ का विकताय नाना?"

"वय झालं आता."

"हात तर अजून चांगले चालतात."

ते पुन्हा चिंधी फिरवू लागले. थोड्या वेळानं त्यांनाच राहवलं नाही. दारातून बाहेर डोकावून बघितलं, खिशातून मोबाईल काढला आणि लहान पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा माझ्यासमोर धरला. एका शेअरच्या ॲपमध्ये त्यांच्या नावावर इतकी मोठी रक्कम दिसत होती की तेवढ्यात नागापूरला दोन फ्लॅट आले असते.

"विजूला सुदा सांगितलं न्हाई अजून. येकदम सांगनार हाय."

"एवढे पैसे आहेत तर मग लेथ कशाला विकायचा?"

"टॅक्स भरायचा हाय ना. त्याबिगर पैशे निघत न्हाईत. आज दुपारपत्तुर मुदत हाय."

मी कुसुमवहिनींच्या स्टुलावर बसले. आपलेच पैसे काढायला आधी पैसे भरायचे, हे ऐकलं की पुढचं काही विचारायची गरज नसते. तरी मी विचारलं. तुकड्या तुकड्यानं सगळं बाहेर आलं. कुणीतरी त्यांना एका ग्रुपमध्ये घातलं होतं. सुरुवातीला त्यांनी थोडे पैसे टाकले आणि नफ्यासकट परतही मिळाले. खरोखर खात्यात आले. तिथंच त्यांचा विश्वास बसला. मग ठेव मोडली. मग वहिनींच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. त्याचं व्याज भरायला मोबाईलवरचं झटपट कर्ज घेतलं, त्याचा हप्ता भरायला दुसऱ्या ॲपवरचं. सलीमभाईंकडून हातउसने घेतले, तेही लेथचा पट्टा तुटला असं सांगून.

"कोण आहे हे सगळं सांगणारं?"

"पूजा. लई गुनी पोरगी हाय."

तेवढ्यात फोन वाजला. नानांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी स्पीकर लावला, मला ऐकवायला.

"नाना, नाश्ता झाला का? काल खोकला होता तुम्हाला. रात्री झोप लागली का?"

काय गोड आवाज होता! खोटं कशाला बोलू, मलाही तो फोन आपल्याला यावा असं क्षणभर वाटलं. नाना तिला सगळं सांगत होते. पोहे केले, मीठ जास्त पडलं, खोकला बरा आहे. ती हसत होती. मग हळूच म्हणाली, "नाना, टॅक्सचं आज होईल ना?"

मी नानांच्या कानाशी वाकून म्हटलं, "तिला म्हणा, टॅक्स माझ्याच पैशातून कापून घे आणि राहतील ते पाठव."

नानांना ते पटलं. सरळ हिशेब होता. त्यांनी तसं विचारलं.

"नाना, ते नियमात बसत नाही ना."

"अगं पर पोरी, पैशे माझेच हायेत ना?"

"तुम्हाला समजत नाही का? मुदत गेली तर सगळं जप्त होईल. मग मला विचारू नका."

आवाज तोच होता, पण बाई बदलल्यासारखी वाटली. नाना गोंधळले. "असं का बोलतीस गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. पलीकडं काहीतरी खुडबुड झाली आणि एका पुरुषाचा आवाज आला, "ए म्हाताऱ्या, पैसे भरतोस का पोलीस पाठवू घरी?" त्यापुढं त्यानं जे शब्द वापरले ते इथं लिहिता येणार नाहीत.

नाना फोन हातात धरून तसेच उभे राहिले. शिव्या संपल्या, फोन बंद झाला, तरी ते उभेच. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सलीमभाई दारात येऊन थांबले होते, त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"सलीम," नाना म्हणाले, "त्याला सांग, लेथ इकायचा न्हाई."

सलीमभाई वळले. मला वाटलं, सुटलो. पण नाना माझ्यावरच चिडले. "तुमी कशाला आलात? आज तेवढं भरलं असतं तर मिळालं असतं समदं. तुमच्यामुळं बिघडलं." बुडालेल्या पैशाचा धागा माणूस असा एका क्षणात सोडत नाही, हे मी गल्लीत आधीही पाहिलं होतं. मी स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत नाना रडायला लागले होते.

त्याच दुपारी आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या तरुण बाई हवालदारांनी नानांना आधी पाणी दिलं, मग सगळं लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "बाबा, असं झालं की त्याच दिवशी, त्याच तासाला कळवायचं असतं. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात. लवकर कळलं तर मध्येच अडवता येतात." नानांचे बहुतेक सगळे पळून गेले होते. शेवटी पाठवलेली थोडीशी रक्कम एका खात्यात अडकलेली सापडली आणि पुढं बऱ्याच खेपा घालून परत मिळाली.

राहिलं कर्ज. मी दुसऱ्या दिवसापासून रोज शेडमध्ये जायला लागले. घरी सांगितलं, नानांचं काम आहे. कामच होतं. कर्जातून वर यायचं तर पहिल्यांदा नवं कर्ज थांबवायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. एक हप्ता भरायला दुसरीकडून घेतलं की माणसाला वाटतं आपण फेडतोय. तो खरं तर खोलात जात असतो. झटपट कर्जवाल्यांचं व्याज सगळ्यात जास्त आणि तोंड सगळ्यात घाण, म्हणून ते आधी मिटवायचे. सोन्याचं व्याज मात्र चुकवायचं नाही, नाहीतर पाटल्या लिलावात जातात. नानांना सगळ्यात आधी सलीमभाईंचे द्यायचे होते, कारण त्यांचं तोंड रोज दिसायचं. सलीमभाई म्हणाले, "नाना, मेरा बादमें देखो. मी कुठं पळून जातोय? पहिल्यांदा भाभींच्या पाटल्या सोडवा."

झटपट कर्जवाल्यांनी नानांच्या मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज पाठवले होते, हा माणूस चोर आहे म्हणून. मलाही आला. सलीमभाईंना आला तेव्हा त्यांनी उलट त्यालाच फोन लावला आणि आपल्या ठेवणीतल्या भाषेत असं काही सुनावलं की खानावळीतले कामगार ताट हातात घेऊन ऐकायला बाहेर आले. नाना त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसले. आम्ही तेही मेसेज पोलिसांना नेऊन दाखवले.

विजयला सांगायचं मात्र नाना टाळत होते. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत इथून उठणारही नाही." दुपार टळली. शेवटी त्यांनी फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू मीटिंगमदी असतोस."

त्याच आठवड्यात विजय आला. आधी चिडचिड केली, मग झटपट कर्जं भरून टाकली आणि नानांना बेंगळुरूला चला म्हणाला. नाना म्हणाले, "तिथं लेथ न्हाई." पण तेव्हापासून विजय रविवारी फोन करतो, आणि नुसता करत नाही, बोलतो.

हे सगळं थंडावल्यावर एकदा नाना लेथवर पिन तासत होते, मी बसले होते. मशीन बंद करून ते म्हणाले, "ताई, येक सांगू? मला मधीच कळलं हुतं."

"काय?"

"ती पोरगी खरी न्हाई ते. येकदा तिनं नाव पूजा सांगितलं, येकदा चुकून प्रिया. तवाच."

"मग पैसे का टाकत राहिलात नाना?"

त्यांनी पिन उजेडाकडं धरून पाहिली. "फोन बंद झाला असता ना. पैशे गेले त्याचं दुख हायेच. पर सकाळी फोन वाजत न्हाई आता, त्याचंबी हाय. कुनाला सांगू ह्ये?"

इतकी वर्षं मी त्या दारात उभी राहून गोळीचं विचारत होते, चहा पीत होते, आणि आपण पैसे गोळा करतोय असं समजत होते. संस्थेच्या साहेबांनाही तसंच वाटलं असणार. त्यांनी जे मोबाईलवर घेतलं ते पैसे होते. बाकीचं त्यांनी घेतलंच नाही, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ते कुठंतरी मोकळं पडून राहिलं आणि पूजानं उचललं. मी अजून तिच्यावर नीट रागावू शकलेले नाही. तिलाही कुणीतरी पगारावर बसवलं असेल, रोजचं टार्गेट दिलं असेल. खोकल्याची चौकशी करायला कुणी शिकवलं असेल तिला?

पाटल्या सुटायला वर्षाहून जास्त लागलं. सोडवून आणल्या त्या दिवशी नानांनी त्या विजयच्या बायकोला दिल्या आणि सलीमभाईंचे राहिलेले पैसे चुकते केले.

मध्ये एकदा त्यांना विजयच्या आवाजात फोन आला होता. रडत रडत सांगत होता, अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा. नानांनी तो ठेवला आणि मला लावला. मी विजयच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला, तर तो ऑफिसात जेवत होता. हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते म्हणे. तेव्हा मी नानांना सांगितलं, कुणीही पैसे मागितले की फोन ठेवायचा आणि आपण होऊन जुन्या नंबरवर करायचा. शिवाय एखादा असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर खऱ्याच माणसाला माहीत असेल.

नानांना ही गोष्ट फारच आवडली. ते आता सगळ्यांनाच प्रश्न विचारतात.

नवरा गेल्यावर लेक मला पुण्याला घेऊन आली. गुडघेही बोलायला लागले होते. इथं सगळं आहे. लिफ्ट आहे, बाग आहे, नातू आहे. गल्ली नाही. सलीमभाई सांगतात, खानावळ बंद झाली, चहाची टपरी रस्ता रुंदीकरणात गेली, दोन शेड पाडून गोडाऊन झालं. मी ऐकते आणि माझ्या मनातली गल्ली आहे तशी ठेवते.

रोज सकाळी मी नानांना फोन करते. ते उचलतात, पण लगेच बोलत नाहीत. आधी प्रश्न. "सांगा, टपरीवाल्याच्या कुत्रीचं नाव काय?" "खानावळीत मंगळवारी काय असायचं?" मी सांगते. कधी मला आठवत नाही, मग आम्ही दोघं मिळून आठवतो. पैशाचा विषय निघत नाही. कित्येक दिवस तर गोळीचंही विचारायचं राहून जातं.

गेल्या आठवड्यात त्यांचा आवाज जरा खोल वाटला. त्यांनी बराच वेळ काही विचारलंच नाही. मग म्हणाले, "मशीन जमा करायच्या दिशी तुमी शेवटचं आलात. पावती दिली आन् निघालात. तवा मी काय म्हनलो?"

मला उत्तर माहीत होतं. पण ते तोंडातून बाहेर येईना. त्या दिवशी त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, तरी ते रोजच्यासारखंच म्हणाले होते आणि मीही रोजच्यासारखी मान हलवली होती.

"ताई? हाय का लाईनवर?"

"आहे नाना," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात, 'या उद्या.'"

पलीकडं नानांनी नाक ओढलं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमीच हायात. बोला आता."